कॅलिफोर्नियांतील चिनी मजूर आणि आर्थिक विषमता

ज्या समाजांत संपत्तीची वांटणी फार विषम होते, त्या समाजांत परक्या मजुराविषयींचा रोषहि वाढतो, असें पुष्कळदां म्हटलें जातें. या विधानांत तथ्य आहे. परंतु तें त्रैराशिकासारखें सरळ नाहीं. हातचें काम गेलें म्हणजे माणूस त्याचें कारण शोधूं लागतो. हीं कारणें दोन प्रकारचीं असतात. एक डोळ्यांपुढें उभें असतें. शेजारीं नव्यानें येऊन बसलेला, वेगळी भाषा बोलणारा आणि कमी रोजावर राबणारा मनुष्य रोज दिसतो. दुसरें कारण हिशेबाच्या वहींत, जमिनीच्या खतपत्रांत आणि कायद्याच्या कलमांत दडलेलें असतें. तें पाहण्यास सवड लागते आणि चिकाटीहि लागते. पहिल्या कारणावर हात टाकणें सोपें, दुसऱ्यावर कठीण. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याच्या १८४८ पासून १८८२ पर्यंतच्या इतिहासांत या दोन कारणांची गल्लत जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती क्वचितच अन्यत्र दिसेल. चिनी मजुरांस देशांत येण्याची बंदी करणाऱ्या कायद्यांत त्या चौतीस वर्षांची परिणति झाली.

२४ जानेवारी १८४८ रोजीं जेम्स मार्शल या सुतारास कोलोमा येथें, सटर नांवाच्या जमीनदाराच्या लांकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटांत, सोन्याचे कण आढळले. ही वार्ता फुटतांच चारी दिशांनीं माणसें तिकडे धांवलीं. सॅन फ्रान्सिस्को हें तेव्हां सुमारें हजार वस्तीचें लहानसें बंदर होतें. दोन वर्षांच्या आंत तेथें पंचवीस हजारांच्या आसपास लोक झाले. आरंभीं सोनें ओढ्यांच्या वाळूंत वरवर मिळे. एक फावडें, एक उथळ पाटी आणि अंगांतील बळ एवढें भांडवल असलें म्हणजे कोणीहि आपल्यापुरता खाणवाला होऊं शके. धनी आणि नोकर हा भेद त्या दोन-चार वर्षांत तेथें फारसा नव्हता. चीनच्या दक्षिणेस कँटन शहराभोंवतालच्या जिल्ह्यांतूनहि लोक निघाले. तिकडे जमीन थोडी आणि माणसें फार. अफूच्या युद्धानें व्यापार विसकटलेला. आणि १८५० पासून ताइपिंग बंडानें देश होरपळूं लागलेला. या लोकांनीं कॅलिफोर्नियास ‘सोन्याचा डोंगर’ असें नांव दिलें. १८५२ या एका वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर सुमारें वीस हजार चिनी उतरले.

त्यांचें स्वागत कसें झालें, हें कायद्याच्या पुस्तकांतच लिहिलेलें आहे. १८५० सालीं परकीय खाणवाल्यांवर दरमहा २० डॉलरांचा कर बसविण्यांत आला. तो पुढील वर्षीं रद्द झाला. पण १८५२ मध्यें ३ डॉलरांचा नवा कर आला, तो लवकरच ४ डॉलर झाला, आणि तो मुख्यतः चिन्यांकडूनच वसूल होई. १८५४ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष ग्राह्य धरतां येणार नाहीं. चिन्याला लुटणारा गोरा पकडला गेला, तरी दुसरा गोरा साक्षीस उभा राहिल्यावांचून त्याला शिक्षा होणें दुरापास्त झालें. ही स्थिति सुमारें दोन दशकें टिकली. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्या काळीं कॅलिफोर्नियांत कामाची टंचाई नव्हती, माणसांची टंचाई होती. म्हणजे वर्णाचा तिरस्कार विषमतेच्या आधींपासून तेथें नांदत होता. विषमतेनें त्याला जन्म दिला नाहीं. तिनें त्याला पुढें सैन्य पुरविलें.

तें सैन्य कसें तयार झालें, हें पाहण्यासाठीं सोन्याच्या धंद्याकडेच वळावें लागतें. वरवरचें सोनें थोड्याच वर्षांत सरलें. खोल गेलेलें सोनें काढावयाचें तर भुयारें खणावीं लागत, किंवा दूरच्या तलावांतून पाणी आणून त्याच्या जोरदार फवाऱ्यानें डोंगरच्या डोंगर धुऊन काढावे लागत. या कामाला कालवे, लोखंडी नळ आणि यंत्रें लागत. अर्थात् पैसा लागे. पाटी घेऊन आलेला स्वतंत्र मनुष्य मागें पडला आणि कंपनीच्या पटावर नांव घालून रोजावर काम करूं लागला. जमिनीचीहि तीच गत झाली. मेक्सिकन अमदानींत दिलेल्या विस्तीर्ण इनामी जमिनी वकील, सावकार आणि सट्टेवाले यांच्या हातीं गेल्या. पूर्वेकडून शेत मिळेल या आशेनें आलेल्या कुटुंबास एक तर महाग जमीन घ्यावी लागे, नाहीं तर दुसऱ्याच्या अफाट गव्हाच्या शेतांत हंगामापुरतें राबावें लागे.

या सर्वांवर कळस चढविला तो लोहमार्गानें. पूर्व आणि पश्चिम किनारे जोडणारा लोहमार्ग व्हावा म्हणून अमेरिकन काँग्रेसनें १८६२ सालीं कायदा केला आणि १८६४ सालीं त्यांतील सवलती वाढविल्या. कंपनीला मार्गाच्या दर मैलामागें १२,८०० एकर सरकारी जमीन मिळाली. शिवाय सपाटीवर मैलामागें १६,००० डॉलर आणि डोंगरांत ४८,००० डॉलर इतक्या किंमतीचे सरकारी रोखे कर्जाऊ मिळाले. पश्चिमेकडील बाजू बांधणाऱ्या ‘सेंट्रल पॅसिफिक’ कंपनीचे सूत्रधार लीलंड स्टॅनफर्ड, कॉलिस हंटिंग्टन, मार्क हॉपकिन्स आणि चार्ल्स क्रॉकर हे चौघे सॅक्रामेंटो गांवचे व्यापारी होते. कोणी किराणा विकी, कोणी लोखंडी सामान, कोणी कापड. सरकारी जमीन आणि सरकारी पत यांच्या बळावर ते थोड्याच वर्षांत अमेरिकेंतील अतिधनाढ्यांत गणले जाऊं लागले. पुढें राज्यांतील वाहतुकीचे दर आणि राज्याचें राजकारण या दोहोंवर त्यांच्या कंपनीचा वरचष्मा राहिला.

हा मार्ग खरोखर बांधला कोणीं? गोरे मजूर कामावर येत आणि चांदीच्या खाणींची बातमी लागतांच निघून जात. १८६५ पासून कंपनीनें चिनी मजूर घेण्यास प्रारंभ केला आणि पुढें एका वेळीं दहा ते बारा हजार चिनी कामावर असत. एकंदर मजुरांत त्यांचेंच प्रमाण फार मोठें होतें. सिएरा नेवाडा पर्वताच्या कणखर ग्रॅनाइटमधून त्यांनीं सुरुंगाच्या दारूनें भुयारें खोदलीं. कित्येक सुरुंगांत गेले, कित्येक हिमप्रपातांखालीं गाडले गेले. त्यांस महिना सुमारें ३० ते ३५ डॉलर मिळत, आणि जेवणाचा खर्च ज्याचा त्यानें करावयाचा असे. गोऱ्या मजुरास पगाराखेरीज अन्नहि कंपनीकडून मिळे. चिनी मनुष्य कमी मजुरींतच सुख मानतो, असा तेव्हां सर्वत्र समज होता. तो किती खोटा होता, हें १८६७ च्या जूनमध्यें दिसून आलें. हजारों चिनी मजुरांनीं एकाच वेळीं काम थांबविलें आणि ४० डॉलर पगार व भुयारांतील कामाचे तास कमी अशी मागणी केली. दंगा नाहीं, मोडतोड नाहीं. ते आपापल्या राहुट्यांत बसून राहिले. क्रॉकरनें डोंगरांत जाणारा शिधा बंद केला. सुमारें आठवड्याभरांत उपासमारीपुढें संप मोडला. गोऱ्या मजुरांच्या एखाद्या संघानें त्या वेळीं या संपास पाठिंबा दिला असता, तर कॅलिफोर्नियाचा इतिहास कदाचित् निराळा झाला असता. पण तशी बुद्धि कोणासहि झाली नाहीं.

१० मे १८६९ रोजीं उटा प्रांतांत प्रॉमन्टरी येथें दोन्ही बाजूंचे रूळ मिळाले आणि स्टॅनफर्डनें सोन्याचा खिळा बसविला. मार्ग पुरा होतांच हजारों मजूर एकदम मोकळे झाले. ज्या गाडीनें भरभराट आणावयाची, तिनेंच आरंभीं संकट आणलें. पूर्वेकडील कारखान्यांतील स्वस्त जोडे, कपडे आणि सामान कॅलिफोर्नियाच्या बाजारांत येऊं लागलें, आणि काम शोधणारे मजूरहि त्याच गाडीनें येऊं लागले. १८७३ च्या सप्टेंबरांत जे कुक यांची बलाढ्य पेढी बुडाली आणि साऱ्या देशावर मंदीची छाया पसरली. ऑगस्ट १८७५ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोंतील ‘बँक ऑफ कॅलिफोर्निया’नें दारें बंद केलीं. त्यानंतर अवर्षणानें पिकें गेलीं आणि खाणींच्या भागांचे भाव कोसळले. त्या भागांत चाकरमान्यांनीं आणि मोलकरणींनींहि आपली शिल्लक गुंतविलेली होती.

याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉब हिल टेकडीवर स्टॅनफर्ड, हॉपकिन्स आणि क्रॉकर यांचे राजवाड्यांसारखे वाडे उभे राहत होते. क्रॉकरच्या वाड्याच्या चौकांत एका साध्या गृहस्थाचें लहानसें घर आड येत होतें आणि तो तें विकीना. तेव्हां क्रॉकरनें त्या घराच्या तीन बाजूंनीं सुमारें ४० फूट उंचीचें लांकडी कुंपण उभारून त्याचा उजेड आणि वारा बंद करून टाकला. हें कुंपण गांवांतील लोक मुद्दाम पाहण्यास जात. विषमता म्हणजे काय, हें कळण्यास त्यांना अर्थशास्त्राच्या ग्रंथाची गरज नव्हती. मग असा प्रश्न उभा राहतो कीं, ज्यांना हें कुंपण दिसत होतें त्यांनीं आपला राग खालच्या वस्तींतील चिनी धोब्यावर कां काढला?

त्याचें पहिलें उत्तर असें कीं, मजुरांची भीति सर्वस्वीं काल्पनिक नव्हती. १८७० सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील नॉर्थ ॲडम्स गांवीं जोड्यांच्या एका कारखान्यांत संप झाला, तेव्हां मालकानें थेट कॅलिफोर्नियाहून ७५ चिनी मजूर आणवून तो मोडला. १८७५ सालीं वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्स येथील कोळशाच्या खाणींतहि लोहमार्गाच्या कंपनीनें तेंच केलें. सॅन फ्रान्सिस्कोंतील सिगार, जोडे आणि कापड यांच्या कारखान्यांत चिनी हात स्वस्तांत मिळत. ज्याची भाकरी यामुळें कमी झाली, त्याला सिद्धांत सांगून समाधान होणार नव्हतें, आणि त्याचें दुःख खोटें म्हणण्याचा अधिकारहि कोणास नाहीं.

दुसरें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे. चिनी हात स्वस्त कां होता, हें कोणीं विचारलें नाहीं. पुष्कळ चिनी प्रवासाचें भाडें उसनें घेऊन येत; कर्ज फिटेपर्यंत मिळेल तें काम धरणें त्यांना भाग असे. १७९० च्या कायद्याप्रमाणें अमेरिकेचें नागरिकत्व केवळ स्वतंत्र गोऱ्या परदेशीयांस मिळूं शके. १८७० सालीं तें आफ्रिकी वंशाच्या लोकांस खुलें झालें, पण चिनी बाहेरच राहिले. मत नसल्यामुळें आमदार त्यांची पर्वा करीत नसे. कित्येक वर्षें साक्ष नसल्यामुळें मजुरी बुडविणारा त्यांस भीत नसे. संघांत प्रवेश नसल्यामुळें संप करावा तर तो एकट्यानेंच, आणि त्याचा परिणाम १८६७ सालीं दिसलाच होता. आधीं कायद्यानें त्याचे हात बांधले, मग तो स्वस्तांत विकला जातो म्हणून त्यालाच दोष दिला. ज्या मजुरास न्यायालय, मत आणि संघ हीं तिन्ही साधनें खुलीं असतात, तो फार काळ स्वस्त राहत नाहीं. मग त्याचा वर्ण कोणताहि असो. स्वस्तपणा हा चिन्याच्या रक्तांतला गुण नव्हता. तो त्याच्या असहायतेचा भाव होता, आणि त्या भावाचा नफा मालकांच्या पेटींत पडत होता.

या घोटाळ्याचा अनुभव एका मोठ्या विचारवंताच्या चरित्रांतहि येतो. सॅन फ्रान्सिस्कोंत छापखान्यांत आणि वृत्तपत्रांत काम करणारा हेन्री जॉर्ज यानें १८६९ सालीं ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ पत्रांत चिनी मजुरांविरुद्ध लिहिलें. त्यांच्यामुळें मजुरी उतरते आणि भांडवलवाल्यांचा लाभ होतो, असा त्याचा युक्तिवाद होता. दहा वर्षांनंतर, १८७९ सालीं, त्यानें ‘प्रगति आणि दारिद्र्य’ या अर्थाच्या नांवाचा आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. समाज संपन्न होत असतां मजूर दरिद्रीच कां राहतो, याचें कारण त्यानें जमिनीच्या मक्तेदारींत दाखविलें. म्हणजे दडलेलें कारण त्यानें शोधून काढलें; तरीसुद्धां चिन्यांविषयींचा विरोध त्यानें सोडला नाहीं. एवढा तीक्ष्ण बुद्धीचा मनुष्यहि दोन्ही मतें एकाच वेळीं बाळगूं शकला, यावरून तें दिसणारें कारण मनास किती घट्ट धरून बसतें, हें समजतें.

१८७७ च्या जुलैंत पूर्वेकडील लोहमार्गांवर मोठा संप झाला. त्यास सहानुभूति दाखविण्यासाठीं २३ जुलै रोजीं सॅन फ्रान्सिस्कोंत नगरगृहाजवळच्या वाळूच्या मोकळ्या मैदानावर सभा भरली. सभेचा विषय लोहमार्गाच्या कंपन्या हा होता. पण सभेच्या कडेनें जमलेला जमाव चिनी वस्तीकडे वळला आणि त्यानें धोब्यांचीं दुकानें फोडलीं व जाळलीं. पुढील दोन-तीन दिवस दंगा चालूं होता. थोड्याच आठवड्यांत डेनिस कीअर्नी हा पुढारी उदयास आला. हा मूळचा आयर्लंडचा. पुढें तो सॅन फ्रान्सिस्कोंत स्थायिक झाला आणि मालाच्या गाड्यांचा धंदा करूं लागला. म्हणजे तोहि बाहेरूनच आलेला होता. त्याच्या कामकरी पक्षाच्या मागण्यांत आठ तासांचा दिवस, मोठ्या जमिनींवर कर आणि लोहमार्गांवर नियंत्रण यांचा समावेश होता. ऑक्टोबरांत त्यानें नॉब हिलवर, वाडेवाल्यांच्या दारांतच, सभा घेतली. पण प्रत्येक भाषणाचा शेवट एकाच घोषणेनें होई: चिन्यांनीं चालतें व्हावें.

येथपासून या दोन मागण्यांचे मार्ग वेगळे झाले, आणि हाच या इतिहासाचा मर्मभाग होय. १८७८–७९ सालीं राज्याची नवी घटना तयार झाली. घटनासमितींतील १५२ सभासदांपैकीं सुमारें एक तृतीयांश कामकरी पक्षाचे होते. घटनेनें लोहमार्गाचे दर ठरविण्यासाठीं तीन सभासदांचें एक मंडळ नेमलें, आणि कंपन्यांनीं चिन्यांस नोकरीस ठेवूं नये असेंहि कलम घातलें. नोकरीचें तें कलम संघराज्याच्या न्यायालयानें पुढल्याच वर्षीं रद्द ठरविलें. दरांचें मंडळ मात्र कागदावर राहिलें, पण कंपनीच्या प्रभावाखालीं निष्प्रभ झालें. १९१० च्या निवडणुकींत हायरम जॉन्सन गव्हर्नर होईपर्यंत लोहमार्गाची पकड खरोखर ढिली झाली नाहीं. कामकरी पक्ष स्वतः थोड्याच वर्षांत मोडला. त्याच्या मागण्यांपैकीं देशव्यापी कायद्याचें रूप लवकर मिळालें तें एकाच मागणीला, आणि ती म्हणजे चिनी मजुरास बंदी. वाडेवाल्यांची सत्ता कमी करणारी मागणी तीस वर्षें रेंगाळली. ज्यास मत नव्हतें त्याच्याविरुद्धची मागणी पांच वर्षांत पार पडली. राजकारणांत जी मागणी मान्य करण्यास कोणा बलवंताचें फारसें कांहीं जात नाहीं, तीच आधीं मान्य होते.

हा कायदा ६ मे १८८२ रोजीं अध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या सहीनें अमलांत आला. वीस वर्षांच्या बंदीचा पहिला मसुदा त्यांनीं नाकारला होता. दहा वर्षांची बंदी त्यांनीं मान्य केली. बंदी मजुरांसच होती. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी आणि प्रवासी यांस ती लागू नव्हती. वंशाचा म्हणून ओळखला जाणारा हा कायदा वर्गाचाहि होता. या कायद्यानें ज्या धोक्याचें निवारण करावयाचें, त्याचें मान १८८० च्या खानेसुमारीवरून काढतां येतें. पांच कोटींच्या राष्ट्रांत चिनी होते १,०५,४६५. म्हणजे हजारीं दोन. कॅलिफोर्नियांत ८,६४,६९४ लोकांपैकीं ७५,१३२. म्हणजे शेंकडा नऊच्या आंत. उलट १८८२ या एकाच वर्षीं अमेरिकेंत सर्व देशांतून मिळून सुमारें ७,८९,००० लोक आले, त्यांत युरोपीयांचा भरणा फार मोठा. त्यांस बंदी झाली नाहीं. तेव्हां मजुरीच्या स्पर्धेनें सारें स्पष्टीकरण होत नाहीं. दारू विषमतेनें भरली, हें खरें. पण नळीचें तोंड कोणाकडे फिरवावयाचें, हें जुन्या वर्णद्वेषानें ठरविलें.

मग मजुरांचें दैन्य गेलें काय? रॉक स्प्रिंग्सच्या खाणींत २ सप्टेंबर १८८५ रोजीं गोऱ्या खाणकामगारांच्या जमावानें २८ चिनी कामगारांस ठार केलें आणि त्यांची वस्ती जाळली. या जमावांतील पुष्कळजण स्वतः युरोपांतून आलेले होते. कोणासहि शिक्षा झाली नाहीं. सैन्याच्या संरक्षणाखालीं कंपनीनें चिन्यांस पुन्हां कामावर आणलें, आणि गोऱ्या कामगारांची जी मूळ तक्रार होती ती जागच्या जागींच राहिली. १८९३ सालीं पुनः मोठी मंदी आली. अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनीं जुन्या खानेसुमारींच्या आधारें या कायद्याच्या परिणामांचा अभ्यास केला आहे. चिनी मजूर कमी झाल्यावर पश्चिमेकडील राज्यांत कारखानदारीची वाढ खुंटली आणि एकंदरींत गोऱ्या मजुरांचाहि लाभ झाला नाहीं, असा त्यांतून निष्कर्ष निघाला आहे.

बंदीची सवय मात्र वाढत गेली. १९०४ सालीं ही बंदी कायमची झाली. चिन्यांची जागा जपान्यांनीं घेतली, तेव्हां तीच ओरड त्यांच्याविरुद्ध झाली. त्यानंतर पंजाबी मजूर आले. ४ सप्टेंबर १९०७ रोजीं वॉशिंग्टन राज्यांतील बेलिंगहॅम गांवीं लांकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांस कांहींशें गोऱ्यांच्या जमावानें बिछान्यांतून ओढून गांवाबाहेर घालविलें. त्यांतील बहुतेक शीख होते. जमावाच्या लेखीं ते सारे ‘हिंदू’. या पश्चिम किनाऱ्यावरील अपमानांतूनच १९१३ सालीं गदर पक्षाची उभारणी झाली. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे आणि तळेगांव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे हे मराठी तरुण त्या चळवळींत होते. पिंगळे यांस १६ नोव्हेंबर १९१५ रोजीं लाहोर येथें फांशी झाली. १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानासह आशियाच्या फार मोठ्या भागांतील मजुरांस दार बंद झालें, आणि १९२४ च्या कायद्यानें दक्षिण व पूर्व युरोपच्या लोकांचीहि संख्या अगदीं आंखडून टाकली. चिन्यांस हांकलतांना जे टाळ्या वाजवीत होते, त्यांच्याच देशबांधवांवर कांहीं अंशीं हा पट्टा उलटला.

विषमता आणि परक्यांविषयींचें लोकमत यांचा संबंध विसाव्या शतकांतहि शोधतां येतो. पण तेथें सावधपणा हवा. १९२८ च्या सुमारास अमेरिकेंतील वरच्या दहा टक्के लोकांकडे एकंदर उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वांटा होता, आणि दार बंद करणारा कायदा त्याच दशकांतला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो वांटा सुमारें एक तृतीयांशावर आला, आणि देशानुरूप कोट्याची पद्धति मोडणारा कायदा ३ ऑक्टोबर १९६५ रोजीं त्याच सुबत्तेच्या काळांत झाला. १९८० नंतर विषमता पुन्हां वाढली, आणि १९९३ सालीं गॅलप संस्थेच्या पाहणींत शेंकडा ६५ लोकांनीं आगमन कमी करावें असें सांगितलें. येथवर मेळ बसतो. परंतु २०२० सालीं, विषमता तशीच असतांना, त्याच संस्थेच्या पाहणींत आगमन वाढवावें म्हणणारे ३४ टक्के आणि कमी करावें म्हणणारे २८ टक्के निघाले. कमी करावें म्हणणारे २०२४ सालीं ५५ टक्के झाले आणि २०२५ सालीं ३० टक्क्यांवर उतरले. संपत्तीची वांटणी एका वर्षांत अशी बदलत नाहीं. म्हणजे विषमता ही जमीन होय; तींत काय उगवेल हें पुढारी काय पेरतात, वृत्तपत्रें काय दाखवितात आणि सरहद्दीवर काय घडतें, यावर अवलंबून असतें. त्याचप्रमाणें नरमाई येते तीहि नेहमीं न्यायबुद्धीनेंच येते असें नाहीं. चिन्यांवरील बंदी १९४३ सालीं उठली ती युद्धांत चीन मित्रराष्ट्र होता म्हणून. आणि तीहि वर्षाला अवघ्या १०५ माणसांपुरती. अमेरिकन काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनीं या कायद्याबद्दल खेद व्यक्त करण्यास २०११ आणि २०१२ सालें उजाडावीं लागलीं.

प्रत्येक देशानें आपलीं दारें किती उघडीं ठेवावींत, हा प्रश्न या इतिहासानें सुटत नाहीं. तो ज्या त्या राष्ट्रानें आपली शक्ति आणि गरज पाहून ठरवावयाचा आहे. परंतु परका मनुष्य तुमची भाकरी नेतो आहे, असें कोणी सांगूं लागला म्हणजे कॅलिफोर्नियाच्या अनुभवावरून तीन प्रश्न अवश्य विचारावेत. मजुरीचा दर प्रत्यक्ष ठरवितो कोण? त्या परक्यास बरोबरीची मजुरी मागण्याचा, न्यायालयांत जाण्याचा आणि संघांत बसण्याचा हक्क आहे काय? आणि उद्यां तो निघून गेला, तर त्याच्या वांट्याचा पैसा नक्की कोणाच्या घरीं जाईल? १८७७ सालीं वाळूच्या त्या मैदानावर जमलेल्या मजुरांनीं यांपैकीं एक जरी प्रश्न व्यासपीठावरील वक्त्यास विचारला असता, तरी ते खालच्या धोब्याच्या दुकानाकडे वळण्यापूर्वीं क्षणभर थांबले असते, आणि टेकडीवरील त्या चाळीस फुटी कुंपणाकडे त्यांचें लक्ष अधिक काळ खिळून राहिलें असतें.